ग्रिडवर जॉब अडकलाय? या चुका टाळा

ग्रिडवर, म्हणजे अनेक ठिकाणचे कम्प्युटर जोडून कामं वाटणाऱ्या जाळ्यावर, टाकलेला जॉब (चालवायला दिलेलं काम) अडकला की माणूस आधी स्वतःचा प्रोग्राम उसवायला घेतो. अशा तक्रारी सोडवताना मला उलटंच दिसत आलंय. प्रोग्राम बहुतेकदा ठीक असतो, पण एका ग्रिडचे नियम दुसऱ्या ग्रिडला लावलेले असतात. कॉन्डॉर, ग्लोबस, बॉइंक या सगळ्यांना आपण सरसकट ‘ग्रिड’ म्हणतो, पण प्रत्येकीचा जन्म वेगळ्या अडचणीतून झालाय. म्हणून लॉग उघडण्याआधी एवढं विचारा: जॉब ज्या मशीनवर चालणार ते कोणाचं, आणि तिथे शेवटचा शब्द कोणाचा?

कॉन्डॉरमध्ये तो मशीनच्या मालकाचा. १९८०च्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठात मायरन लिव्हनी यांच्या गटाने ही यंत्रणा उभी केली; २०१२पासून तिचं नाव एचटीकॉन्डॉर. कल्पना साधी होती: लोकांच्या टेबलांवरची रिकामी मशीन वापरायची आणि मालक परत आला की निमूट जागा सोडायची. तेव्हा मालकाने कीबोर्डला हात लावल्यावर तुमचा जॉब हाकलला गेला, तर तो बिघाड नव्हे. यंत्रणा तिचं कामच करत असते. एका प्रयोगशाळेत एक विद्यार्थी सतरा तासांचा जॉब टाकायचा. संध्याकाळी सहाला सुरू व्हायचा, सकाळी दहाला वर्ग भरले की हाकलला जायचा आणि संध्याकाळी पुन्हा शून्यापासून. त्याने आठवडाभर कोडमध्ये चूक शोधली, बिचाऱ्याच्या कोडमध्ये काहीच नव्हतं. कामाचे दीड-दोन तासांचे तुकडे करा, किंवा प्रोग्रामलाच ठरावीक वेळाने आपली स्थिती फाइलमध्ये लिहायला लावा. जुन्या पुस्तिकांत ‘स्टँडर्ड युनिव्हर्स’मधल्या आपोआप चेकपॉइंटचं (स्थिती जतन करून ठेवण्याचं) वर्णन सापडेल, ती सोय आता काढून टाकलेली आहे, तिच्यावर विसंबू नका.

कॉन्डॉरमधली दुसरी तक्रार म्हणजे जॉब तासन् तास ‘आयडल’, म्हणजे मशीनची वाट पाहत पडलेला. इथे मशीन नेमून देणं हे अक्षरशः स्थळ जुळवण्यासारखं आहे. जॉबच्या अपेक्षा असतात, मशीनच्याही असतात, आणि दोन्हीकडच्या जुळल्या तरच काम पुढे सरकतं. ‘कॉन्डॉर-क्यू’ या कमांडला ‘बेटर-ॲनलाइझ’ हा पर्याय जोडून पाहा. तुमच्या कोणत्या अटीला किती मशीन उरतात ते तो एकेक करून दाखवतो. जॉबच्या फाइलमध्ये मागणी लिहिताना एककाकडेही नीट लक्ष द्या. ‘रिक्वेस्ट-मेमरी’पुढे नुसता आकडा लिहिला तर तो मेगाबाइटमध्ये धरला जातो, आणि ‘रिक्वेस्ट-डिस्क’पुढे तसाच लिहिला तर किलोबाइटमध्ये. चार जीबी मेमरी हवी म्हणून नुसते ४ लिहिणारे आणि मग जॉब ‘होल्ड’वर (रोखून ठेवलेला) का गेला म्हणून हैराण होणारे मी अनेक पाहिलेत. आकड्यामागे जीबी लिहायला दोन अक्षरं लागतात, तेवढी लिहा.

ग्लोबसची गोष्ट वेगळी. इयन फॉस्टर आणि कार्ल केसेलमन यांच्यापुढे टेबलावरची मशीन नव्हती. त्यांच्यापुढे होत्या मोठमोठ्या संस्था, प्रत्येकीचा स्वतःचा सुपरकम्प्युटर, स्वतःची क्यू (कामांची रांग), स्वतःची खाती. कोणीच आपला कारभार सोडायला तयार नसणार हे गृहीत धरून त्यांनी वर फक्त समान प्रोटोकॉलचा थर दिला: ओळख पटवणं, जॉब पाठवणं, फाइल हलवणं. म्हणून इथले बहुतेक घोटाळे विश्वासाच्या साखळीत होतात.

सगळ्यात नेहमीचा घोटाळा प्रॉक्सी सर्टिफिकेटचा. तुमच्या वतीने वावरणारं हे तात्पुरतं ओळखपत्र नेहमीच्या सेटिंगमध्ये १२ तास चालतं. जॉब आठ तास क्यूमध्ये थांबला, मग सहा तास चालला, आणि निकालाची फाइल परत पाठवायच्या वेळी ओळखपत्र संपलेलं. गणित बरोबर येऊनही हाती काही लागत नाही. यावर महिनाभराची प्रॉक्सी काढणं हा उपाय नव्हे. ती चोरीला गेली तर महिनाभर कोणीही तुमच्या नावाने वावरेल, आणि मुदत आखूड ठेवली ती त्यासाठीच. मायप्रॉक्सीसारख्या सेवेतून वेळोवेळी नूतनीकरण लावा. सर्टिफिकेट ‘अजून वैध नाही’ असं उत्तर आलं तर मशीनचं घड्याळ तपासा, घड्याळ जुळवून ठेवणारं एनटीपी बंद पडलेलं असू शकतं. आणि एका साइटवर सगळ्यांनाच एकदम नकार मिळू लागला, तर रद्द सर्टिफिकेटांची यादी शिळी झालीय का ते बघा. त्या यादीलाही स्वतःची मुदत असते, आणि ती आणणारा क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) गुपचूप मेलेला असतो.

लॉगिन होतं पण फाइल हलत नाही? ग्लोबसमध्ये फाइल हलवणाऱ्या ग्रिडएफटीपीचं नियंत्रण २८११ पोर्टवरून चालतं, डेटा मात्र दुसऱ्या पोर्टांवरून जातो. फायरवॉलमध्ये पहिलं उघडून बाकीचे बंद ठेवले की नेमकं हेच होतं. पोर्टांची रेंज ठरवून घ्या आणि तेवढीच उघडा.

नवी यंत्रणा उभारणाऱ्यांना कळकळीने सांगतो, जुन्या ग्लोबस टूलकिटच्या पुस्तिका समोर ठेवून सुरुवात करू नका. मूळ गटाने तिचा आधार जानेवारी २०१८मध्ये थांबवला. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या जागतिक ग्रिडमध्येही, ज्यात मुंबईची टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) तिथल्या सीएमएस प्रयोगासाठी टिअर-२ (दुसऱ्या स्तराचं) केंद्र आहे, सर्टिफिकेटकडून टोकनकडे (मोजक्या परवानग्यांच्या डिजिटल पासकडे) वाटचाल चालू आहे. याच ग्रिडवर लोक आणखी एका जागी फसतात. साइटच्या क्यूमध्ये तुमचा जॉब नसतोच, तिथे ‘पायलट’ असतो. तो आधी मशीन मिळवतो आणि मग मध्यवर्ती यादीतून तुमचं काम ओढून घेतो. साइटच्या क्यूमध्ये स्वतःचं नाव शोधत बसू नका.

ग्लोबसच्याच काळातली आणखी एक ग्रिड यंत्रणा, व्हर्जिनिया विद्यापीठातली लीजन. तिने सगळं जग एकच मोठा कम्प्युटर मानून प्रत्येक गोष्टीला ऑब्जेक्ट (स्वतःची माहिती आणि कृती बाळगणारा घटक) केलं होतं. माझ्या मते आखणीत ती सर्वांत देखणी. पण ती स्वीकारायची तर संस्थांना पूर्णच स्वीकारावी लागे. ग्लोबसचे तुकडे मात्र हवे तेवढे उचलता येत. आखणी देखणी आहे एवढ्यावर यंत्रणा निवडू नका.

बॉइंकमध्ये मशीन अनोळखी माणसांची, म्हणून विश्वास कोणावरच नाही. एकच काम अनेकांना देऊन उत्तरं ताडून पाहिली जातात. १९९९ ते २०२० घरोघरच्या कम्प्युटरना काम वाटणारा सेटी ॲट होम (परग्रहावरच्या जीवांचे रेडिओ संकेत शोधणारा) हा त्यातला सर्वांत परिचित प्रकल्प. इथली चूक म्हणजे दोन उत्तरं बाइट न् बाइट सारखी असायला हवीत असं धरणं. विंडोज आणि लिनक्सवर दशांशाच्या शेवटच्या अंकांत फरक पडू शकतो, आणि मग बरोबर उत्तरंही नापास होतात. तुलनेत किती फरक चालेल ते ठरवा, किंवा एका कामाच्या सगळ्या प्रती एकाच प्रकारच्या मशीनना द्या.

मदत मागताना जॉबचा क्रमांक, साइटचं नाव आणि वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) लिहा. आपली मध्यरात्रीनंतरची दीडची वेळ म्हणजे तिकडे आदल्या तारखेचे २०:००. तारीख एका दिवसाने चुकली की समोरचा भलताच लॉग वाचत बसतो.