नोकरी सांभाळून ऑनलाइन पदवी: अर्ज भरण्याआधीची तयारी

तंत्रज्ञान आणि नेतृत्व अशा जोडविषयाची पदवी नोकरी सांभाळून ऑनलाइन घ्यायची ठरली की बहुतेकांची तयारी नवा लॅपटॉप बघण्यापासून सुरू होते. लॅपटॉप थांबू शकतो. पहिलं काम मान्यता तपासण्याचं, आणि ती विद्यापीठाच्या माहितीपत्रकात न बघता मान्यता देणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्या यादीत बघायची. २०१५ मध्ये कराचीतली एक सॉफ्टवेअर कंपनी शेकडो बनावट वेबसाइट चालवून जगभर पदव्या विकत असल्याचं उघडकीला आलं. त्यात विद्यापीठं खोटी होतीच, त्यांना मान्यता देणाऱ्या संस्थाही खोट्या होत्या. म्हणून एक पायरी आणखी मागे जायचं: मान्यता देणाऱ्या संस्थेला सरकार किंवा नियामक ओळखतो का, हेही बघायचं. पदवी दुसऱ्या देशातल्या विद्यापीठाची असेल तर आपल्या देशात पुढचं शिक्षण किंवा सरकारी नोकरी यांसाठी ती समकक्ष धरतात का, याचं उत्तर लेखी मागून ठेवा. पदवीच्या कागदावर ‘ऑनलाइन’ असा शिक्का येतो का तेही विचारा. जॉर्जिया टेक या अमेरिकी विद्यापीठाने जानेवारी २०१४ मध्ये संगणकशास्त्राची ऑनलाइन मास्टर्स सुरू केली आणि कॅम्पसवर मिळते तीच पदवी ऑनलाइन शिकणाऱ्यांनाही दिली. सगळीच विद्यापीठं असं करतात असं नाही.

मग अभ्यासक्रमाची विषयवार यादी उघडा. नावात तंत्रज्ञान आणि नेतृत्व दोन्ही असतात, पण आत कधी सगळं व्यवस्थापनच असतं आणि तंत्रज्ञानाचा एखादाच ओळखीचा पेपर. कधी नेमकं उलटं. तुम्हाला यातलं काय कमी पडतंय, हे ठरवल्याशिवाय यादी वाचून उपयोग नाही. कोडिंगची सवय सुटलेल्या टीम लीडला आणि उत्तम कोड लिहिणाऱ्या पण बैठकीत गप्प बसणाऱ्या इंजिनिअरला एकच अभ्यासक्रम सारखा लागू पडत नाही. शेवटी मोठा प्रकल्प आहे का, वर्ग रेकॉर्ड केलेले आहेत की थेट, थेट असतील तर तुमच्या घड्याळात किती वाजता, हेही याच बैठकीत बघून घ्या. आधीच्या शिक्षणाचं किंवा अनुभवाचं क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे अभ्यासाचे गुणांक, मिळतं का, तेही विचारा. अर्ज भरून झाल्यावर हे विचारलं तर बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

तासांचा हिशेब मात्र सावकाश, कागदावर आकडे मांडून करायचा. अमेरिकी पद्धतीत एका क्रेडिटमागे आठवड्याला एक तास वर्ग आणि दोन तास स्वतःचा अभ्यास धरतात आणि सत्र साधारण पंधरा आठवड्यांचं असतं. म्हणजे तीन क्रेडिटचा एक विषय आठवड्याचे नऊ तास खातो, दोन विषय अठरा. ब्रिटनमध्ये एक क्रेडिट दहा तासांचं आणि मास्टर्स १८० क्रेडिटची, म्हणजे १,८०० तास. आठवड्याला नऊ तासांच्या वेगाने हे २०० आठवडे होतात. एकही आठवडा न चुकवता पावणेचार वर्षांहून जास्त. हा आकडा बघून मागे फिरू नका, पण ‘दीड वर्षात उरकून टाकू’ असं घरी सांगण्याआधी तो एकदा नजरेखालून घाला.

आता मागच्या एखाद्या भरगच्च आठवड्याचा दिवसवार तक्ता काढा आणि त्यात हे नऊ तास खरोखर कुठे बसतात ते शोधा. सुट्टीचा किंवा काम कमी असलेला आठवडा घेऊ नका. नवी आवृत्ती बाहेर काढण्याचा (रिलीजचा), कधीही बोलावणं येऊ शकतं अशा पाळीचा (ऑन-कॉलचा) किंवा महिनाअखेरचा आठवडा घ्या. तासही सगळे सारख्या कामाचे नसतात. व्याख्यानाचा व्हिडिओ किंवा चर्चेतलं उत्तर चाळीस मिनिटांत होऊ शकतं. प्रोग्रामिंगच्या असाइनमेंटला मात्र सलग दोन तास लागतातच, कारण कुठे सोडलं होतं ते आठवण्यातच पहिली वीस मिनिटं जातात. आठवड्यात दोन-दोन तासांचे निदान दोन सलग तुकडे निघाले तर पुढे चला. निघत नसतील तर काहीतरी सोडावं लागेल, आणि काय सोडायचं ते आत्ताच ठरवा. झोप हे त्याचं उत्तर नव्हे.

घरच्यांशी बोलताना ‘मला तुमची साथ लागेल’ एवढ्यावर थांबू नका. साथ द्यायला सगळेच तयार असतात. नेमकं काय करायचं ते कुणालाच माहीत नसतं. कोणत्या दोन संध्याकाळी तुम्ही दार लावून बसणार, त्या वेळी मुलांचं किंवा आईवडिलांचं कोण बघणार, परीक्षेच्या आठवड्यात तुम्ही कोणत्या कार्यक्रमांना येणार नाही, आणि त्या बदल्यात कोणता वेळ कुठल्याही परिस्थितीत घरच्यांचाच राहील, हे ठरवा. हे शेवटचं ठरवायला लोक विसरतात. काही वर्षं चालणाऱ्या गोष्टीत जोडीदाराच्या वाट्याला काय येतं, याचा विचार आधी व्हायला हवा.

ऑफिसात सांगायचं की नाही, यावर लोकांचं एकमत नाही. माझं मत स्पष्ट आहे: वरिष्ठांना सांगा, आणि प्रवेश घेण्याआधी सांगा. फीची मदत मिळते का, मिळाली तर त्यानंतर किती काळ नोकरी सोडता येत नाही, सोडली तर रक्कम किती आणि कशी परत करायची, परीक्षेच्या दिवसांची रजा धरता येईल का, हे एचआरकडून लेखी घ्या. ऑफिसातली माहिती किंवा कोड असाइनमेंटमध्ये वापरायचा असेल तर त्याचीही परवानगी लेखीच. नावं बदलली, आकडे झाकले तरी विचारून घेतलेलं बरं.

पण वरिष्ठांना सांगण्याचं खरं कारण वेगळं आहे. या पदवीचा तंत्रज्ञानाचा भाग रात्री दिवा लावून एकट्याने करता येतो. नेतृत्वाचा भाग तसा होत नाही. त्याला माणसं लागतात, खरा मतभेद लागतो, आणि ज्याचे परिणाम तुमच्यावर येतील असा एखादा निर्णय लागतो. गूगलने २००८ साली चांगला व्यवस्थापक कसा असतो याचा आपल्याच आकडेवारीतून शोध घेतला. त्यातून निघालेल्या आठ गुणांच्या यादीत टीमला शिकवणं, घडवणं सर्वांत वर होतं आणि तांत्रिक कौशल्य सर्वांत खाली. तांत्रिक कौशल्य यादीत होतं हे महत्त्वाचं, पण शेवटी. तरीही प्रवेशाची तयारी करणारे पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा घोटून ठेवतात आणि या दुसऱ्या भागासाठी काहीही जमवून ठेवत नाहीत.

तेव्हा सत्र सुरू होण्याआधी ऑफिसात एक लहानशी जबाबदारी मागून घ्या: नव्या माणसाला सहा महिने मार्गदर्शन, दोन टीममधल्या एका रखडलेल्या कामाचा पाठपुरावा, किंवा काही बिघडल्यानंतर होणारी आढावा बैठक चालवणं. पद वाढायची वाट बघू नका. या जबाबदारीवरच वर्गातलं वाचन तपासून बघता येतं. एक उदाहरण देतो. संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉन्वे यांनी १९६८ मध्ये मांडलं की संस्था जी प्रणाली घडवते तिची रचना त्या संस्थेतल्या संवादाच्या रचनेसारखीच होते. हे वाक्य पाठ करायला एक मिनिट पुरतं. पण तुमच्या प्रॉडक्टमधल्या दोन भागांमध्ये प्रत्येक बदलाच्या वेळी काहीतरी तुटतं ती जागा घ्या, ते दोन भाग कोणत्या टीमकडे आहेत ते बघा, आणि त्या टीम एकमेकींशी थेट बोलतात की फक्त तिकिटं, म्हणजे संगणकावरच्या लेखी मागण्या, टाकतात ते तपासा. बदल मागितल्याची तारीख आणि पहिलं उत्तर आल्याची तारीख शेजारी शेजारी लिहा. असा एक तक्ता हातात असला की तंत्रज्ञान आणि नेतृत्व एकाच पदवीत का घातलेत ते कळतं. आठवड्याला एक पान टिपण ठेवा: काय ठरवलं, कोण नाराज झालं, आपण काय बोललो, काय बोलायचं राहिलं. निबंध लिहिताना आणि शेवटच्या प्रकल्पाला हीच पानं लागतात.

अभ्यासाचा गंज काढायला दोन महिने पुरतात. संख्याशास्त्राची उजळणी, थोडं कोडिंग, कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या गिट या साधनावर हात बसवणं, आणि संदर्भ देऊन लिहिण्याचा सराव. ऑफिसच्या मेलची सवय झालेल्यांना हा शेवटचा सराव सगळ्यांत जड जातो. वाचलेलं पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून लिहा. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा स्वतःची चाचणी घेणारे पुढे गेले. ज्याला आठवड्यातून चारदाच अभ्यासाला बसता येतं त्याच्यासाठी हा फरक मोठा आहे. एआयची साधनं वापरण्याचे नियम प्रत्येक विषयाला वेगळे असू शकतात, म्हणून ते विषयागणिक वाचा आणि लिखाणाचे आधीचे खर्डे पुसू नका.

आता लॅपटॉप. तो स्वतःचा हवा. परीक्षेवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर ऑफिसच्या लॅपटॉपवर बहुधा इन्स्टॉलच होत नाही, कारण ॲडमिनचे अधिकार आपल्याकडे नसतात, आणि हे परीक्षेच्या दहा मिनिटं आधी कळलं तर काहीच करता येत नाही. कॅमेरा, माइक, दुसरा स्क्रीन काढून ठेवलेलं टेबल आणि पर्यायी इंटरनेट यांची सराव परीक्षा आधीच देऊन बघा. ओळखपत्रावरचं नाव आणि नोंदणीतलं नाव अक्षर न् अक्षर जुळायला हवं. जुन्या गुणपत्रिकेवर वेगळं असेल तर ते दुरुस्त करायला वेळ लागतो. जुन्या विद्यापीठातून येणारी अधिकृत गुणपत्रिका आणि शिफारसपत्रंही आधीच मागून ठेवा.

तारखांच्या बाबतीत एक बारकावा. ‘रविवार रात्री ११:५९’ म्हणजे कुणाच्या घड्याळातले, ते बघा. काही ठिकाणी एओई (‘एनीव्हेअर ऑन अर्थ’) लिहिलेलं असतं. म्हणजे पृथ्वीवर कुठेही तो दिवस शिल्लक असेपर्यंत मुदत. अमेरिका आणि युरोपात वर्षातून दोनदा घड्याळ पुढेमागे होतं, तेही वेगवेगळ्या तारखांना, त्यामुळे मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये थेट वर्गाची वेळ तासाभराने सरकते. गटाने करायच्या कामात तर हे फारच नडतं. पहिल्याच बैठकीत भेटायची वेळ, कामाची वाटणी आणि कुणी गायब झालं तर काय करायचं, हे लिहून सगळ्यांची संमती घ्या.

फीच्या हिशेबात परीक्षा शुल्क, पुन्हा बसण्याचं शुल्क आणि परकीय चलनाचा फरक धरा. पहिल्या सत्राला एकच विषय घ्या, तोही ज्याची पायाभूत माहिती तुम्हाला आहे असा, म्हणजे विद्यापीठाची पद्धत शिकायला डोकं मोकळं राहील. विषय सोडून फी परत मिळण्याची शेवटची तारीख कॅलेंडरवर टाका, आणि त्याच्या चार दिवस आधीची एक आठवण लावा. त्या दिवशी आतापर्यंत दर आठवड्याला खरोखर किती तास भरले ते मोजा. नऊच्या जागी चार-पाचच भरत असतील तर विषय सोडा आणि पुढच्या सत्राची जागा राखून ठेवता येते का ते विद्यार्थी कक्षाला त्याच दिवशी मेल करून विचारा.