अ‍ॅड-हॉक नेटवर्कचं सिम्युलेशन करताय? या चुका टाळा

ना टॉवर, ना राउटर. आसपासचे नोडच (म्हणजे नेटवर्कमधली उपकरणं) एकमेकांची पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, पुढे पोचवतात, आणि गरज पडली की तेवढ्यापुरता रस्ता शोधतात. अशा नेटवर्कवर पीएचडी करणारी मुलं बहुतेकदा एकच तक्रार घेऊन येतात: "सर, माझा प्रोटोकॉल एओडीव्हीपेक्षा सरस येतोय, पण रिव्ह्यूअरला पटत नाही." एओडीव्ही हा अशा नेटवर्कमध्ये रस्ता शोधायचा प्रचलित प्रोटोकॉल, म्हणजे ठरलेली पद्धत. मी प्रोटोकॉलला नंतर हात घालतो. आधी नोड कसे हलतात ते बघतो.

नोडांची हालचाल ठरवणाऱ्या रँडम वेपॉइंट मॉडेलमध्ये किमान वेग शून्य ठेवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. नोड मैदानातली एक जागा निवडतो, सेकंदाला ० ते २० मीटरमधला एक वेग निवडतो आणि निघतो. आपण सरासरी १० धरून चालतो. पण एखाद्याच्या वाट्याला ०.१ आला आणि जागा ५०० मीटरवर असली, तर त्याला पोचायला ५००० सेकंद हवेत. आपलं सिम्युलेशन ९०० सेकंदांत आटोपतं. वेगवान नोड पोचतात, नवा वेग घेतात. त्यांतल्याही काहींना मंद वेग मिळतो आणि तेही अडकतात. असं करत सगळ्या नेटवर्कचा सरासरी वेग उतरत जातो. रस्ते तुटायचे कमी होतात, पॅकेट छान पोचू लागतात आणि श्रेय प्रोटोकॉलला मिळतं! योन, लिऊ आणि नोबल या संशोधकांनी हे २००३ मध्येच दाखवून दिलं होतं.

किमान वेग सेकंदाला १ मीटर ठेवा आणि सुरुवातीचे १००० सेकंद मोजणीतून वगळा. अर्थात मग सिम्युलेशनही तेवढं लांबवावं लागेल. एनएस-३ या सिम्युलेटरमध्ये, सरासरी वेग स्थिरावलेल्या अवस्थेपासूनच सुरू होणारं मॉडेल आयतं मिळतं. काहीही वापरा, पण सरासरी वेगाचा आलेख काढून बघा. रेघ उतरती असेल तर ते आकडे प्रबंधात घालू नका.

"दहा वेळा चालवलं, दर वेळी तेच उत्तर आलं" हा भक्कमपणाचा पुरावा नव्हे. एनएस-३ मध्ये यादृच्छिक आकडे ठरवणारे सीड आणि रन नंबर आपण बदलल्याशिवाय बदलत नाहीत. दर वेळी रन नंबर बदला, आणि तुलना करताना दोन्ही प्रोटोकॉलना नोडांच्या त्याच हालचाली द्या.

आता खऱ्या लॅपटॉपवरची अडचण. कॉरिडॉरच्या दोन टोकांना दोन लॅपटॉप ठेवले. राउटिंग टेबलात (रस्त्यांच्या नोंदींच्या यादीत) शेजारी दिसतोय, 'मी इथे आहे' सांगणारे हॅलो संदेश येताहेत, पण फाइल काही जात नाही. मुलं कोडमध्ये दोष शोधत बसतात, दिवस जातात. कोड बहुधा बरोबरच असतो. हॅलो हा सगळ्यांना एकदम पाठवलेला (ब्रॉडकास्ट) छोटा संदेश, ८०२.११बी या वाय-फाय मानकावर तो १ किंवा २ एमबीपीएसनं जातो, म्हणून लांब पोचतो. डेटाची पॅकेट मोठी आणि ११ एमबीपीएसची. ती तेवढ्या अंतरावर टिकत नाहीत. उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी २००२ मध्ये हॅलो पोचतात पण डेटा पोचत नाही अशा या पट्ट्याला 'ग्रे झोन' म्हटलं. एनएस-२ या जुन्या सिम्युलेटरच्या २५० मीटर रेडिओ-पल्ल्याच्या गोलात तो दिसतच नाही: आत सगळं पोचतं, बाहेर काहीच नाही.

अशा वेळी एका हॅलोवर शेजारी पक्का धरू नका. सलग दोन-तीन आले तरच नोंद करा, किंवा सिग्नल ठरावीक पातळीखाली असलेले हॅलो सोडून द्या. रस्ता एखाद्या टप्प्यानं लांबेल, पण फाइल पोचेल.