मोठ्या मॅजेलनी मेघाचा वाइड-फील्ड फोटो: या चुका टाळा

रात्रभर एक्स्पोजर घेतले, स्टॅकिंग केलं (सगळे फोटो एकावर एक रचून एक केला) आणि हाती आला काळ्या आकाशातला एक फिकट आडवा पट्टा. बाकीची दीर्घिका गेली कुठे? बहुतेक वेळा ती प्रोसेसिंगमध्ये आपणच पुसलेली असते.

मोठा मॅजेलनी मेघ ही आपल्या आकाशगंगेची उपदीर्घिका. अंतर सुमारे 1,60,000 प्रकाशवर्षं, आकाशातला पसारा जवळपास 10 अंश. फुल-फ्रेम सेन्सरवर 135 मिमीची लेन्स लावली तर चौकट मिळते साधारण 15 बाय 10 अंशांची. म्हणजे वर-खाली कोरं आकाश उरतच नाही. अशा फ्रेमवर ग्रेडियंट (पार्श्वभूमीचा असमान उजेड) काढणारं टूल ऑटोवर सोडलं, की ते दीर्घिकेच्या विरळ कडांनाच प्रकाशप्रदूषण समजून वजा करतं. टूल पार्श्वभूमी जिथे मोजतं ते नमुन्याचे ठिपके स्वतः ठेवा, मोजकेच ठेवा, तेही फक्त डाव्या-उजव्या टोकांच्या मोकळ्या आकाशात. मग वजा झालेला थर वेगळा उघडून ताणून (उजळवून) बघा. त्यात नुसता सलग उतार दिसला पाहिजे. मेघाच्या पट्ट्याची पुसटशी जरी छाया दिसली, तरी ठिपके उचलून पुन्हा मांडा. घाईच्या दिवशीही मी ही तपासणी सोडत नाही.

फ्लॅट (एकसारख्या उजळ पृष्ठभागाचे, लेन्सचा दोष काढायला घेतलेले फोटो) टाळले तर हे सगळं व्यर्थ. मध्ये उजळ, कोपऱ्यांत काळं असं लेन्सचं व्हिनेटिंगही असतं आणि दीर्घिकाही. नंतर दोन्ही वेगळे करता येत नाहीत.

या दीर्घिकेतल्या टॅरँटुला तेजोमेघाचा (चमकणाऱ्या वायूच्या ढगाचा) गाभा लांब एक्स्पोजरमध्ये पांढराफट्ट होतो. त्याच्यासाठी काही सेकंदांचे वेगळे एक्स्पोजर घ्या आणि तेवढाच भाग मूळ फोटोत मिसळा.

रंगांत दोन गफलती होतात. साध्या कॅमेऱ्यातला फिल्टर 656.3 नॅनोमीटरचा हायड्रोजन-अल्फा प्रकाश बराचसा अडवतो. मग तारे जन्मणारे लाल ढग उठावेत म्हणून लाल रंग ओढला जातो आणि तरुण ताऱ्यांचा निळेपणा मरतो. त्यापेक्षा मॉडिफाय केलेला (तो फिल्टर बदललेला) कॅमेरा वापरा. दुसरी गफलत म्हणजे हिरवा काढणारं टूल डोळे मिटून चालवणं. टॅरँटुलातली निळसर-हिरवी झाक खरी आहे, ती 500.7 नॅनोमीटरच्या ऑक्सिजनची.

मधले तारे गोल आणि कडेचे कमानीसारखे ओढलेले दिसत असतील, तर आधी कॅमेरा आकाशाबरोबर फिरवणाऱ्या माउंटची ध्रुवाशी केलेली जुळणी तपासा. मेघ आहे त्या ऋण 69 अंशांच्या क्रांतीवर (खगोलीय विषुववृत्ताच्या तितकं दक्षिणेला) थोडी चूकही फ्रेम फिरवते. दक्षिण ध्रुवाजवळचा सिग्मा ऑक्टांटिस हा तारा जेमतेम 5.4 प्रतीचा, म्हणजे बराच अंधुक असल्यामुळे तिथे चुकीचा तारा धरला जाणं अगदी सोपं आहे.