हॉस्पिटलच्या टॉवेलला जंतुरोधक फिनिश कसं द्यायचं आणि ते खरंच काम करतंय का कसं बघायचं

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आपल्यातले बरेच जण हॉस्पिटलला टॉवेल, बेडशीट देतात आणि आता ऑर्डरवाला पहिलं विचारतो, अँटीमायक्रोबियल (जंतुरोधक) आहे का. मग केमिकलवाला येतो, ड्रम उतरवतो, ९९.९ टक्के जंतू मरतात म्हणतो आणि निघून जातो, पुढची सगळी जबाबदारी आपली. माझं म्हणणं एवढंच की धुतल्यावरचा रिपोर्ट हातात असल्याशिवाय तो शब्द टॅगवर छापू नका. सिव्हिलमध्ये धाराशिव, विजापूरकडनं आलेला पेशंट टॅगवर काय लिहिलंय ते तपासायला जात नाही ओ, तो विश्वासावर अंग पुसतो.

आधी हे काम कसं करतं ते बघा. यातली बरीच पॉलिमर धन भाराची असतात, पीएचएमबी, कायटोसान, सिलेनवालं क्वाट (क्वाटर्नरी अमोनियम) ही त्यातली नेहमीची. जीवाणूच्या बाहेरच्या पडद्यावर ऋण भार असतो, त्यामुळं पॉलिमर त्याला चिकटतं, पडदा फाटतो, आतला ऐवज बाहेर येतो आणि जीवाणू मरतो. कॉटनवर पण थोडा ऋण भार असतोच म्हणून ते सुताला धरून बसतं. म्हणजे जंतू कापडाला टेकला तरच मरणार, आणि कापडावर रक्त, पू, साबण किंवा स्टार्चचा थर असेल तर तो टेकणारच नाही.

म्हणून पहिली तयारी कापडाची. साईझिंगचा, म्हणजे विणण्याआधी सुताला लावलेला, स्टार्च पूर्ण निघालाय का बघायला आयोडीनच्या पातळ घोळाचा एक थेंब टाका, निळा-जांभळा झाला तर परत डिसाईझिंग करा. ब्लीचनंतर पाण्याचा थेंब लगेच आत गेला पायजे, मोत्यासारखा वर थांबला की स्कावरिंग (सुतातलं मेण-तेल काढणं) कच्चं राहिलं. पीएच पट्टीवर कापड सातच्या आसपास असू दे आणि ब्लीचमधनं उरलेलं पेरॉक्साइड मारून टाका. ऑप्टिकल व्हाइटनर आणि बरीचशी डिटर्जंट ऋण भाराची असतात, ती आपल्या पॉलिमरला धरतात आणि निकामी करतात, त्यामुळं एकाच बाथमध्ये दोन्ही घालायचं नाही.

केमिकल कोणतं घ्यायचं ते गिऱ्हाईक कसं धुतं त्यावर ठरवा. हॉस्पिटलची लाँड्री क्लोरीन मारत असेल तर पीएचएमबीवाला माल पिवळा पडायची आणि त्याची ताकद जायची भीती असते, तिथं एन-हॅलामाइन नावाची जात बघा, ती उलट क्लोरीननंच परत चार्ज होते. कायटोसान कोळंबी-खेकड्याच्या कवचातनं येतं, पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये विरघळतं, पण टॉवेल कडक होतो आणि पाणी कमी पितो, माझ्या मते टेरीला (टॉवेलच्या लूपवाल्या कापडाला) ते नकोच. सिलेनचा घोळ बनवला की त्याच दिवशी संपवा, राहिला तर तो आपल्यातच जुळत जातो.

डोसचा हिशोब बघा, पॅडिंग मँगलवर (घोळात बुडवून रोलरनं पिळायचं मशीन) पिकअप, म्हणजे कापड आपल्या वजनाच्या किती टक्के घोळ धरतं ते, ८० टक्के धरला तर १०० किलो कापड ८० लिटर घोळ पितं, लिटरला १० ग्रॅम टाकलं असेल तर ८०० ग्रॅम माल कापडावर बसला. पण ड्रममध्ये खरं पॉलिमर २० टक्केच असेल तर प्रत्यक्षात फक्त १६० ग्रॅम, बाकी पाणी. सप्लायरला विचारायचंच की सॉलिड किती. रोलरचा दाब दोन्ही कडांना सारखा ठेवा, नायतर एका काठाला जास्त आणि दुसऱ्याला कमी बसतं, स्टेंटरचं (कापड ताणून सुकवायचं मशीन) तापमान मात्र डेटाशीटवरनंच घ्या.

कामगारांना हातमोजे, चष्मा द्या आणि हे स्प्रेनं मारू नका. दक्षिण कोरियात ह्याच कुळातलं पीएचएमजी लोक घरातल्या ह्युमिडिफायरच्या पाण्यात टाकायचे, बारीक थेंब श्वासातनं फुप्फुसात गेले आणि माणसं दगावली, २०११ मध्ये ते उघड झालं. पावडर असेल तर मास्कशिवाय पोतं फोडू देऊ नका.

आता फिनिश बसलंय का ते आपल्याच टेबलावर दिसतं. ब्रोमोफिनॉल ब्लू या निळ्या रंगाचा घोळ फिनिशवाल्या आणि बिनफिनिशच्या तुकड्यावर टाका, थोडं थांबून नळाखाली चांगलं धुवा. साध्यावरनं निळा रंग निघून जातो, धन भाराचं पॉलिमर असेल तिथं तो धरून राहतो आणि काठापासनं मधापर्यंत सारखा बसलाय का तेही कळतं. मात्र कॅशनिक (धन भाराचं) सॉफ्टनर लावलेलं कापड पण असंच निळं होतं, त्यामुळं ही टेस्ट सॉफ्टनरच्या आधी करा आणि जंतू मरतात असं यावरनं कुणाला सांगू नका.

त्यासाठी लॅबच लागते. कोइमतूरच्या सिट्रा या कापड संशोधन संस्थेचं मेडिकल टेक्स्टाइलचं वेगळं केंद्र आहे, नायतर एनएबीएलच्या (लॅबना मान्यता देणारी संस्था) यादीतली लॅब बघा. एएटीसीसी १०० (एएटीसीसी ही कापडाच्या टेस्ट ठरवणारी अमेरिकी संस्था, १०० हा टेस्टचा नंबर) मागा, त्यात जंतू मोजून टाकतात आणि २४ तासांनी परत मोजतात. एएटीसीसी १४७ मध्ये जंतू लावलेल्या प्लेटवर तुकड्याभोवती मोकळं कडं दिसतं आणि लोक कडं मोठं म्हणून खूश होतात, पण मोठं कडं म्हणजे केमिकल कापडातनं सुटून बाहेर चाललंय, ते धुण्यात पण सुटणार! घट्ट बसलेल्या पॉलिमरला कडं येतच नाही, तिथं तुकड्याखाली वाढ आहे का तेवढं बघतात.

आकडे पण नीट वाचा. १ लाख जीवाणूंवर ९० टक्के म्हणजे १० हजार जिवंत, ९९.९ टक्के म्हणजे १०० जिवंत. ई. कोलायला ऊब, ओल आणि खाणं मिळालं तर तो साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे ते १०० सव्वातीन-साडेतीन तासांत परत लाखावर. ओला टॉवेल कॉटच्या दांडीवर पडून राहिला तर हेच होणार, म्हणून फिनिश असलं तरी धुणं सुटत नाही. हॉस्पिटल लिननसाठी ७१ अंशाला किमान २५ मिनिटं हा चांगला माप आहे, आणि पेशंटला हात लावायच्या आधी-नंतर हात धुणं तर कुठल्याच फिनिशनं टळत नाही.

लॅबला धुतलेलाच नमुना द्या. एएटीसीसी ६१ या धुण्याच्या टेस्टच्या २ए प्रकारात ४५ मिनिटांची एक फेरी म्हणजे घरच्या साधारण पाच धुण्यांएवढी झीज, पण हॉस्पिटलचं धुणं त्याहून कडक असतं, म्हणून शक्य असेल तर त्यांच्याच लाँड्रीत धुवून आणलेले तुकडे पाठवा, सोबत त्याच लॉटचा बिनफिनिशचा तुकडा पण.

जखमेवर चालतं असं चुकूनही लिहू नका, ड्रेसिंग म्हणजे मेडिकल डिव्हाइस, त्याला २०१७ च्या नियमांखाली लायसन्स लागतं. टॅगवर टेस्टचं नाव, जंतूचं नाव, किती धुण्यांनंतरचा आकडा, आणि सॉफ्टनर वापरू नये एवढं छापा, आणि प्रत्येक लॉटमधला एक टॉवेल लॉट नंबर टाकून कपाटात ठेवा, सहा महिन्यांनी तक्रार आली तर ब्रोमोफिनॉल ब्लूची टेस्ट त्याच्यावरच करता येते.