पडून राहिलेली एमजीबी पुन्हा रस्त्यावर आणताय? या चुका टाळा

दहा-पंधरा वर्षं शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी असलेली एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, दारात आली की पहिल्याच संध्याकाळी हात शिवशिवायला लागतात. नवी बॅटरी लावू, टाकीत पाच लिटर पेट्रोल टाकू आणि सेल्फ मारून बघू! एवढ्या वर्षांत गंजाने केलं नसेल तेवढं नुकसान या पाच मिनिटांत होऊ शकतं. जुन्या गाडीच्या कामात खरा घोळ कौशल्याचा कमी आणि क्रमाचा जास्त असतो.

एमजीबी १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनली. पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या, त्यामुळे सुटे भाग आजही नवे मिळतात. इंग्लंड-अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि जुन्या गाड्यांचं वेड असलेल्या मराठी माणसाच्या खिशाला झेपेल अशी ही स्पोर्ट्स कार. इंजिन साधं, १७९८ सीसीचं, चार सिलिंडरचं, बिडाचं. पण साधं म्हणून त्याला गृहीत धरू नका.

सेल्फ मारण्याआधी

चारही प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ ऑइल सोडा आणि गाडीला हात न लावता काही दिवस जाऊ द्या. मग चौथा गिअर टाकून गाडी हळूच पुढे-मागे ढकला. इंजिन फिरलं तर उत्तम. नाही फिरलं तर सेल्फची ताकद लावू नका. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात, एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकलेला असतो. जबरदस्ती केली की रिंग तुटते किंवा पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारी दांडी) वाकतो. पुन्हा ऑइल सोडा, पुन्हा थांबा.

इंजिन हाताने मोकळं फिरायला लागलं की जुनं ऑइल आणि फिल्टर बदला. ऑइल २०डब्ल्यू-५० ग्रेडचंच घ्या. आजच्या गाड्यांचं पातळ सिंथेटिक महाग असतं म्हणून या इंजिनालाही चांगलं, हा निव्वळ गैरसमज आहे. आता प्लग न लावताच सेल्फ मारा आणि डॅशबोर्डवरच्या ऑइल प्रेशरच्या काट्याकडे बघा. काटा हलेपर्यंत प्लग लावायचे नाहीत. हलतच नसेल तर पंप कोरडा पडलाय. ऑइलची नळी सोडून पंपाच्या बाजूने ऑइल भरा. पुढे इंजिन तापल्यावर चालत्या गाडीत ५० ते ८० पौंड आणि आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) १० ते २५ पौंड प्रेशर दिसलं तर निश्चिंत राहा.

जुनं पेट्रोल आणि टकटक करणारा पंप

टाकीत उरलेल्या पेट्रोलला वार्निशसारखा वास येत असेल तर त्यात नवं पेट्रोल मिसळू नका. ते सगळं काढा, टाकी उतरवा, आतून बघा. एमजीबीच्या टाकीला गंज बहुतेक वेळा वरून लागतो, कारण डिकीचा तळ आणि टाकीचा माथा यांच्यामध्ये माती साचते. खालून टाकी ठणठणीत दिसते आणि फसवते.

एसयू कंपनीचा इलेक्ट्रिक पेट्रोल पंप क्रोम बंपरच्या जुन्या गाड्यांत मागच्या उजव्या चाकाजवळ, गाडीच्या पोटाखाली असतो. त्याच्या आवाजावरून बरंच कळतं. चावी फिरवल्यावर थोडा वेळ टकटक करून थांबला तर तो ठीक आहे. अजिबात आवाज नाही, याचा अर्थ त्याचे पॉइंट चिकटलेत किंवा अर्थिंग (बॉडीशी असलेली विजेची जोडणी) नीट नाही. पान्याच्या दांड्याने हलकीशी टिचकी मारली की बऱ्याचदा जागा होतो, पण तो तात्पुरता इलाज. टकटक थांबतच नसेल तर पेट्रोल संपलंय, नळीत कुठेतरी हवा शिरतेय किंवा कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरची सुई उघडी अडकून पेट्रोल ओसंडतंय. हा शेवटचा प्रकार धोक्याचा, कारण या इंजिनात कार्बोरेटर बरोबर सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर बसतात. पहिल्यांदा सुरू करताना आग विझवायचा सिलिंडर हाताशी हवाच.

दोन कार्बोरेटर एकदम खोलून त्यांचे पिस्टन आणि टोप्या एकाच ट्रेमध्ये टाकणं ही आणखी एक नेहमीची चूक. त्या जोड्या एकमेकांत बसवलेल्या असतात; अदलाबदल झाली की पिस्टन घासतो आणि मग मिक्स्चर कितीही फिरवा, आयडल लागत नाही.

बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला?

१९६७ पर्यंतच्या एमजीबीत पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. त्यानंतरच्या गाड्यांत डायनॅमोऐवजी अल्टरनेटर आला आणि निगेटिव्ह टोक अर्थिंगला, म्हणजे बॉडीला, गेलं. पण मधल्या कुठल्या मालकाने काय बदललं हे कागदावर नसतं. सवयीप्रमाणे काळी वायर बॉडीला लावली आणि गाडी पॉझिटिव्ह अर्थिंगची निघाली, तर आधीच्या मालकाने हौसेने बसवलेलं इलेक्ट्रॉनिक इग्निशन क्षणात जळतं. आधी गाडीचं साल, डायनॅमो की अल्टरनेटर आणि कॉइलची जोडणी बघा. सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतील तर दोन्ही वेगवेगळ्या तपासा.

या गाड्यांचं विजेचं सामान बनवणाऱ्या ल्यूकास कंपनीच्या वायरिंगवर इंग्रजांनी इतके विनोद केलेत की लोक न बघताच अख्खी वायरिंग बदलायला निघतात. गरज नसते. निम्मी दुखणी गंजलेल्या अर्थिंगची आणि वायरी जोडणाऱ्या गोळीच्या आकाराच्या बुलेट कनेक्टरची असतात. त्या सोडवून, घासून, परत बसवा. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा: तपकिरी वायरींमध्ये फ्यूज नसतो, त्या थेट बॅटरीवर असतात. तिथे शॉर्ट झालं की वायरच पेटते. डॅशबोर्डखाली हात घालण्याआधी बॅटरी काढा.

ब्रेक

खरं तर हे काम इंजिनाच्याही आधीचं. पुढच्या चाकांना डिस्क, मागे ड्रम. उभ्या गाडीत रबरी होज आतून फुगतात. पेडल दाबल्यावर प्रेशर जातं, पण परत येत नाही, आणि चाक धरून राहतं. लोक कॅलिपर खोलत बसतात आणि दोष असतो होजमध्ये. सगळे होज नवे घाला, मागेपुढे बघू नका. ब्रेक सिलिंडरच्या आत खड्डे पडले असतील तर नुसतं रबराचं किट घालून पैसे वाचत नाहीत, सिलिंडरच बदला. सुरुवातीच्या गाड्यांत ब्रेकचं सर्किट एकच आहे, म्हणजे एक गळती आणि पेडल थेट जमिनीला.

तारांची चाकं असतील तर आणखी एक सापळा. मधल्या मोठ्या नटाचे आटे डाव्या बाजूला सुलटे आणि उजव्या बाजूला उलटे असतात. ॲक्सल उतरवून परत बसवताना हब डावे-उजवे झाले तर चाक चालता चालता सैल होतं. टायरची नक्षी नवी दिसते म्हणून तेच ठेवणंही नको. बाजूवरचा चार आकडी उत्पादनाचा कोड वाचा, त्यात आठवडा आणि साल असतं.

सिलवर झाकण नको

एमजीबीला वेगळी चॅसी नाही. बॉडीच सगळा भार पेलते, आणि उघड्या टपाच्या गाडीत तो भार मुख्यतः सिलवर, म्हणजे दाराखालच्या उंबऱ्यासारख्या पट्टीवर, येतो. म्हणून रंग, सीटकव्हर, क्रोम यावर पैसा ओतण्याआधी सिल बघा. लोहचुंबक फिरवा, चिकटला नाही तर आत लांबी (पुटी) भरलेली आहे. गाडीला जॅक लावून दार उघडझाप करा. दार घासायला लागलं तर सिल गेलेले आहेत.

कुजलेल्या सिलवर नवा पत्रा ठोकून देणारे भेटतात. नको. आतला पत्राही कापून काढावा लागतो. मात्र कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी बार वेल्ड करा आणि वेल्डिंगच्या प्रत्येक टाक्यानंतर दाराची फट मोजा. नाहीतर गाडी मधोमध खचते आणि दार कधीच बसत नाही. ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीने १९८८ पासून मूळ साच्यांवर नव्या बॉड्या काढल्या, म्हणून पत्र्याचं सामान शोधायला वणवण होत नाही.

क्लच आणि नवं पेट्रोल

इंजिन सुरू झालं, पण गिअर पडताना कर्रकन आवाज येतो? क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटली असणार. आधी क्लचचं हायड्रॉलिक तपासा. प्लेट बदलायला इंजिन उतरवावंच लागतं, त्यामुळे दुसऱ्या कारणासाठी इंजिन बाहेर काढलंच तर प्लेट आणि कार्बनची रिलीज बेअरिंग त्याच वेळी घाला.

ब्रिटनमध्ये साध्या पेट्रोलमध्ये २०२१ पासून दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, भारतात आता वीस टक्के. जुनी रबरी नळी त्यात मऊ पडते आणि चिरते. आर-९ छापाच्या नळ्या घ्या. ब्रिटनमध्ये कमी इथेनॉलचं सुपर ग्रेड भरा.

कुणी म्हणेल, कशाला एवढी कटकट, जपानी इंजिन बसवून टाक. ब्रिटनमध्ये ४० वर्षांवरच्या गाडीला मिळणारी एमओटीची (वार्षिक तपासणीची) सूट मोठे बदल केल्यास हातची जाऊ शकते. भारतातही २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीला व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, २०,००० रुपये शुल्क भरून, दहा वर्षांसाठी; पण चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नसेल तरच. जुनं इंजिन नादुरुस्त असलं तरी भंगारात घालू नका, आणि त्याच्यावरच्या नंबराच्या पट्टीचा फोटो पहिल्याच दिवशी काढून ठेवा.