सीपीएम किंवा अ‍ॅव्हिल घेण्याआधी काय तपासावं

अंगावर पित्त उठलं किंवा नाक गळायला लागलं, की मेडिकलमधून सीपीएम नाहीतर अ‍ॅव्हिल आणली जाते. क्लोरफेनिरामाइन म्हणजेच सीपीएम, अ‍ॅव्हिलमधलं फेनिरामाइन, हायड्रॉक्सिझिन, प्रोमेथाझिन ही सगळी अ‍ॅलर्जीवरची जुन्या पिढीतली औषधं. ती मेंदूपर्यंत पोचतात, म्हणून गुंगी येते.

आधी स्ट्रिपच्या मागचे घटक वाचा. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉलसोबत २ मिग्रॅ सीपीएम असतंच, आणि खोकल्याच्या अनेक सिरपमध्येही असतं. वरून वेगळी सीपीएम घेतली, तर डोस नकळत वाढतो. मोठ्या माणसाला एका वेळी ४ मिग्रॅ, ४ ते ६ तासांच्या अंतराने, आणि २४ तासांत २४ मिग्रॅच्या वर नाही. वयस्करांसाठी दिवसाची मर्यादा १२ मिग्रॅच धरावी. त्यांचा तोल जातो, कधी बोलण्यात गोंधळ होतो आणि घरच्यांना ते वयामुळे वाटतं.

काचबिंदू, प्रोस्टेटची वाढ, लघवी अडकणं किंवा फिट्स यांपैकी काही असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. या गोळ्यांनी डोळ्यातला दाब वाढू शकतो आणि लघवी तुंबू शकते. हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असलेल्यांनी हायड्रॉक्सिझिनबद्दल खास विचारावं.

दारू, झोपेची गोळी, अल्प्राझोलाम (चिंतेवरची गोळी), ट्रामाडॉल (दुखण्यावरची गोळी), खोकल्याचं कोडीनवालं सिरप यांच्यासोबत घेतली तर गुंगी नुसती वाढत नाही, श्वासही मंदावू शकतो. घरातली सगळी औषधं केमिस्टला दाखवा. नावं आठवून सांगण्यात काहीतरी सुटतंच.

पहिला डोस रात्री, घरी असताना घ्या. सीपीएम शरीरात बराच वेळ टिकतं, त्यामुळे सकाळी जाग आली तरी हात-डोळ्यांचा मेळ मंद असू शकतो. त्या दिवशी स्कूटर आणि यंत्रावरचं काम टाळा. कडक चहाने गोळीचा असर उतरत नाही.

मुलांना अंदाजाने देऊ नका. सीपीएम आणि फिनाइलएफ्रिन (चोंदलेलं नाक मोकळं करणारं औषध) एकत्र असलेलं औषध ४ वर्षांखालच्या मुलांना द्यायचं नाही, प्रोमेथाझिन २ वर्षांखाली नाही. प्रवासात मूल झोपावं म्हणून तर कधीच नाही.

ओठ-जीभ सुजली किंवा दम लागला, तर गोळीच्या भरवशावर न थांबता १०८ला फोन करा.

अ‍ॅलर्जीची स्किन टेस्ट ठरली असेल, तर गोळी किती दिवस आधी थांबवायची ते विचारून घ्या. चालू ठेवली, तर अ‍ॅलर्जी असूनही टेस्टमध्ये दिसत नाही.