नव्या राष्ट्राध्यक्षांचं पहिलं भाषण कसं ऐकावं

अमेरिकेचे नवे राष्ट्राध्यक्ष काँग्रेसपुढे, म्हणजे तिथल्या संसदेपुढे, पहिलं भाषण करतात. वॉशिंग्टनला रात्रीचे नऊ, तेव्हा इंदूरला दुसरी सकाळ. भाषण फेब्रुवारीत असलं तर साडेसात, एप्रिलमध्ये साडेसहा. रामबागेत माझ्याकडे नागरिकशास्त्र शिकायला येणाऱ्या मुलांना मी सांगते, पोहे आधी खाऊन घ्या, हातात पेन हवं.

आपल्या राष्ट्रपतींचं अभिभाषण म्हणजे मंत्रिमंडळाचं धोरण. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष स्वतःचं धोरण मांडतात, पण तिजोरी काँग्रेसच्या हातात. म्हणून वहीत दोन रकाने आखा: 'मी केलं' आणि 'तुम्ही मंजूर करा'. खरं भाषण दुसऱ्या रकान्यात असतं. २८ एप्रिल २०२१ ला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांनी कुटुंबांसाठी सुमारे १.८ लाख कोटी डॉलरची योजना मांडली. ती त्या रूपात मंजूर झालीच नाही. तेव्हा प्रत्येक मागणीपुढे जागा मोकळी सोडा, वर्षभराने भरायला.

टाळ्या मोजत बसू नका. कोण जागेवर बसून राहिलं ते टिपा, विशेषतः राष्ट्राध्यक्षांच्या स्वतःच्या पक्षातलं. सभापती मागेच बसलेले दिसतात, त्यांचा चेहराही बघा.

भाषण संपलं की विरोधी पक्षाचं उत्तर लागतं. बाळांनो, तेवढ्यात टीव्ही बंद करायचा नाही. तेही त्याच वहीत, तितकंच मन लावून.